इतर मार्गांनी

अहो,
तुमच्यापोटी मला
एक्केचाळीस हजार तीनशे सत्तर रुपये कर लागलाय.
व्याज धरून.

गेल्याच्या गेल्या चैत्रात फरक जमा झाला होता,
कुठल्याशा जुन्या हिशेबाची दुरुस्ती, सहा वर्षांची, एकदम.
बँकेतल्या यंत्रानं किरकिरत पासबुकावर आकडा उमटवला
आणि मी चष्मा पुसून पुन्हा पाहिला.
वडूथला घरोघर कंदी पेढे दिले,
जशी काही तुम्हाला मागाहून बढतीच मिळाली.
माडीवर नवे पत्रे घातले.
नातीच्या कानात रिंगा.
उरले ते प्रदीपनं मागितले. कशाला, ते त्यानं सांगितलं नाही
आणि मी विचारलं नाही.

मग फोनवर मेसेज यायला लागले.
आयकर विभाग, अमुक कलम, तमुक तारीख.
मी पुसत गेले.
बँकेच्या दारातच एवढा मोठा फलक आहे:
अनोळखी मेसेजवर विश्वास ठेवू नका.
नाही ठेवला.
शेवटी पाकीट आलं. पोस्टमन सही घ्यायला थांबला
आणि त्याच्या तोंडाकडं बघून मला
तेव्हाचा तारवाला आठवला.

पोवई नाक्यावर चष्म्याच्या दुकानावर बागवानसाहेब बसतात,
लोकांचे कर भरून देतात.
त्यांनी पासबुक पाहिलं, कार्ड पाहिलं,
म्हणाले, हा फरक मागच्या वर्षांवर पसरता आला असता वहिनी,
वेळेत फॉर्म भरला असता तर.
मी म्हटलं, मागच्या वर्षांवर आधीच पुष्कळ पसरलंय.
ते हसले नाहीत.
विचारलं, साहेब गेले कसे?

असं सरळ कुणी विचारत नाही.
कावीळ, म्हटलं. जबलपूरला, लष्करी दवाखान्यात. नवव्या दिवशी.
त्यांचं पेन थांबलं.
गोळीनं नाही?
नाही.
लढताना गेले असते तर सगळं माफ होतं,
असं टाचण्यांच्या डबीकडं बघत म्हणाले
आणि डबी उगाच सरळ केली.

तीस वर्षं मी देवाला सांगत आले, बरं केलंस,
गोळी नव्हती.
तुम्ही अख्खे आलात.
हळदीसारखा पिवळा, पण चेहरा होता, मला हात लावता आला.
आणि तिथं त्या खुर्चीत,
एका क्षणापुरताच,
मी हिशेब केला.
एक गोळी. एक्केचाळीस हजार तीनशे सत्तर.

जिना उतरले तर खाली
दुकानातल्या सगळ्या आरशांत मी.
मान वर झाली नाही.

कागदावर तुमचा रकाना कुठला, तेही सांगते.
पगारात तुम्ही बसत नाही. घरभाड्यात नाही.
धंद्यात तर कधीच नव्हता.
तुम्ही येता 'इतर मार्गांनी मिळालेलं उत्पन्न' यात.
इतर म्हणजे? मी विचारलं.
म्हणजे जे दुसऱ्या कशातच मावत नाही ते.
लॉटरी लागली तर तीही यातच धरतात.
तुमच्यातला थोडा भाग सरकार सोडून देतं म्हणे,
तिसरा हिस्सा, तोही ठरल्या आकड्यापर्यंतच.
कुठला तिसरा, ते मी विचारत बसले नाही.

पैसे भरले. रिंगा मोडल्या नाहीत.
प्रदीपनं अर्धे आणून दिले, मान खाली घालून,
म्हणजे कशाला नेले होते ते आता विचारायलाच नको.

काल सैनिक कल्याणचा कार्यक्रम होता.
आपली खुर्ची नेहमीसारखी दुसऱ्या रांगेत.
पुढं शिवथरची कलावती, हार, शाल, नारळ.
तिचे गोळीनं गेले. तिच्या घरी
पाय आणि पट्टा एवढंच आलं होतं.
तिला कर नाही.
इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी तिच्या पाठीकडं
नुसती बघत राहिले.
तिला ते कळलं की काय, कोण जाणे.
मागं वळली,
थर्मासचं झाकण भरून चहा माझ्या हातात दिला,
म्हणाली, साखर कमी आहे गं, चालंल ना?