शेवटो

इनासच्या पप्पांनी तारवावरून आणलेला तो खेळ
अख्खाच्या अख्खा जपानी.
कोंबडी चिखलातून चालत गेल्यासारखी अक्षरं,
खाली लुकलुकणारा एक काळा त्रिकोण:
दाबा, म्हणजे पुढचं.
आम्ही दाबायचो.

दिवाडीला तेव्हा दुपारची वीज नसायची.
फेरीच्या धक्क्यापाशी, कलंडून ठेवलेल्या होडीच्या सावलीत
दोन पेन्सिल सेलांवर
राक्षस राक्षसांशी झुंजायचे:
शिंगवाले, जाळ ओकणारे,
एक तर नुसता दातांचाच.
आणि इनासचा तो.
ना मासा ना बेडूक, भिजल्या उशीएवढा.
त्याला एकच विद्या येत होती,
जागच्या जागी उडी.

उडी मारायचा. पाण्याचे चार ठिपके उडायचे.
खाली एक ओळ उमटायची, नेहमी तीच,
आणि समोरचा त्याला चेचून काढायचा.
तरी पुढच्या झुंजीला इनास पुन्हा त्यालाच उतरवायचा.

आम्ही त्याचं नाव ठेवलं शेवटो,
भरतीला मानशीपाशी उगाच उसळतो, त्या माशावरून.
तो का उसळतो, कुणालाच धड सांगता येत नाही.
मानशीचा राखणदार रोमाल्द म्हणायचा, अंगाला उवा होतात.
त्याची बायको म्हणायची, चणक लागतो पाठीस.
भाटकार म्हणायचा, माज.

त्या ओळीचा अर्थ आम्ही आमचा लावला.
मी म्हटलं, शत्रू थोडा घाबरला, असं लिहिलंय.
इनास म्हणाला, थांब, साठतंय.
एक दिवस सगळ्या उड्या एकदम लागू पडतील.
मग मी गणिताच्या वहीच्या शेवटच्या पानावर
चार उभ्या, पाचवी आडवी,
असा हिशेब ठेवायला लागलो.

दोनशे चौदा.

पुढं सेल संपले, दहावी आली,
इनासच्या हाती पोर्तुगालचा पासपोर्ट आला.
जाताना बिस्किटांच्या डब्यात घालून खेळ मला दिला.
धक्क्यावर त्याच्या आईला कुणीसं विचारलं,
कितें जालें गो?
कांय ना, म्हणाली ती,
आणि फेरीची साखळी बराच वेळ खडखडत राहिली.

आता मी पणजीला लेखा खात्यात आहे.
दुसऱ्यांच्या बेरजा तपासतो.
परवा डबा उघडला. सेलांच्या जागी हिरवा गंज,
व्हिनेगर लावून पत्रा घासला,
तेव्हा पडदा उजळला, तसाच शेवाळी.
जुनं काही साठून उरलं नव्हतं.
पहिल्यापासून खेळलो,
तासाभरात एका डबक्याकाठी शेवटो भेटला.

ती ओळ आली तेव्हा फोनचा कॅमेरा वर धरला.
अक्षरं थरथरली, विरली,
त्यांच्या जागी मराठी उभं राहिलं, सरकारी वळणाचं:
काहीही घडले नाही.

स्विंडनला फोन लावला.
सँडविचच्या कारखान्यातली रात्रपाळी संपवून
इनास नुकता घरी पोचलेला.
सांगितलं त्याला, ओळीचा अर्थ कळला म्हणून.
ठाऊक आहे, म्हणाला.
पप्पांनी पहिल्याच दिवशी सांगितलेलं.
योकोहामाच्या दुकानदारानं, पैसे घ्यायच्या आधी,
हसत हसत करून दाखवली होती ती उडी.

मग मला का नाही बोललास?

मधे नुसती त्याची किटली ऐकू येत राहिली.
तू वहीत लिहीत होतास ना, म्हणाला.

नंतर म्हणाला, समोर आहे का तो? मार बघू एक.
मी फोन स्पीकरवर ठेवला. बटण दाबलं.
टुप्.
पाण्याचे चार ठिपके.

झाली?
झाली.
कितें जालें?
कांय ना, म्हटलं.
आनीक एक मार, म्हणाला इनास.