साडेसत्तेचाळीस हजार

फुरसुंगीच्या गोदामात अकरा महिने
रात्रपाळीला दुसऱ्यांची खोकी स्कॅन केली,
त्याचे हे.
काही खोकी हातात आली की वजनावरूनच कळायचं,
आत ग्राफिक्स कार्ड आहे.
बाणेर. बावधन. कोथरूड. पुन्हा बाणेर.
भेकराईनगर कधी नाही.

वहीच्या मागच्या पानावर यादी.
प्रोसेसर लिहिला, खोडला, एक पिढी मागचा लिहिला.
रॅम सोळा. आठ. परत सोळा.
मॉनिटर खोडला: घरचा टीव्ही आहे,
आईच्या मालिका संपल्या की, म्हणजे साडेदहानंतर, मोकळा.
मग कार्डापुढे आकडा लिहिला
आणि तो यादीत जावयासारखा बसला,
बाकीच्यांनी उरलंसुरलं वाढून घेतलं.
एसएमपीएसपुढे मी लिहिलं: कोणताही.

बाबांनी चष्मा पुसून यादी वाचली.
एकतीस वर्षं वीज मंडळात वायरमन,
गेम म्हणजे त्यांच्यासाठी कॅरम.
कोणताही म्हणजे कोणता, म्हणाले.
म्हटलं, तो आत असतो, दिसत नाही कुणाला.
न्यूट्रलही दिसत नाही, ते म्हणाले,
सटकला की अख्ख्या आळीचे टीव्ही जातात.
मग पेन्सिल घेऊन त्यांनी भार मांडला,
पिठाच्या गिरणीला कनेक्शन द्यावं तसा,
बेरीज केली, दीडपट धरली,
आणि माझं कार्ड एका नंबराने खाली आलं.
मी दोन दिवस बोललो नाही.

तापकीर गल्लीत दुकानातला कैवल्य,
माझ्याच वयाचा, दिवसाला चार मशिनं जोडतो,
स्वतःचं एकही नाही.
काचेचं कॅबिनेट घे, म्हणाला, आतले लाइट दिसतात.
गणपती बसवायचाय का आत, बाबा म्हणाले.
बिनकाचेचं घेतलं. साधा काळा पत्रा.
एसएमपीएस मात्र त्यांनी दोन मागवले,
दोन्ही तळव्यांवर कलिंगडासारखे तोलले
आणि जड होता तो ठेवला.
कैवल्य हसला नाही. म्हणाला, काका, बरोबर आहे.

कार्ड नव्याने परवडेना.
दोन बस बदलून पिंपळे सौदागरला,
निरंजन दाभोळे, सातवा मजला.
खोलीत एका भिंतीला मोठं टेबल, दुसऱ्या भिंतीला पाळणा.
जुळ्या आहेत, तो म्हणाला, आत्ताच झोपल्यात.
आवाज बंद करून त्याने गेम लावला.
कार्ड अठ्ठ्याहत्तर अंशांवर चढलं, तिथे थांबलं.
गोळ्या सुटत होत्या, भिंती पडत होत्या,
आम्ही तिघे श्वास धरून पाळण्याकडे बघत होतो.
किती वापरलंय, मी कुजबुजलो.
तेव्हा तास मोजले नाहीत रे, तो म्हणाला,
आता मोजतो. झोपेचे.
पैसे घेतले, पाचशे स्वतःहून परत केले,
कार्डाचे पंखे ब्रशने साफ केले आणि
बाळाच्या पिवळ्या दुपट्यात गुंडाळून दिलं.
लिफ्टपर्यंत आला.
दुपटं राहू दे, म्हणाला. दार लागेपर्यंत
त्याची नजर त्या गाठोड्यावर.

रविवारी चटईवर सगळं मांडलं.
प्रोसेसर बसवताना माझा हात थरथरला,
बाबांनी टॉर्च धरला, एक शब्द नाही.
बटण दाबलं.
काही नाही.
पुन्हा दाबलं. अकरा महिने डोळ्यांपुढून गेले.
मेन स्विच बघितलास का, बाबा म्हणाले.
मागे, एसएमपीएसवर, शून्याकडे झुकलेला.

पंखे फिरले.
दहा वाजून दहा मिनिटं झाली होती, तरी
बाबांनी आईकडे रिमोट मागितला. तिने दिला.
काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली.
काय म्हणतंय, आईने विचारलं.

म्हणतंय, कीबोर्ड सापडत नाही.

वही उघडली. वरून खाली, मग खालून वर.
यादीत कीबोर्ड नव्हताच.
खिशात तीनशे चाळीस, उद्यापासून परत रात्रपाळी.
आईने मालिका लावली. बाबा म्हणाले,
चालू राहू दे, बंद करू नकोस.
आणि कॅबिनेटच्या पत्र्यावर पालथा हात ठेवून
बराच वेळ तसेच बसले.