गुरुवारी पाणी नाही

तर कसं जमलं ते सांगते.
म्हणजे जमलं असं नाही अजून.

मागच्या जानेवारीत अप्पा बळवंत चौकातून
शंभर पानी वही आणली, निळ्या पुठ्ठ्याची.
पहिल्या पानावर नावं घातली: ईनोस, दोर्कसमावशी,
हिंजवडीतली नोकरी गेलेला आढावांचा धाकटा.
फेब्रुवारीत त्याच वहीत
दुधाचा हिशेब सुरू झाला.
मोबाइलला गजर लावला,
तो झोपेतच बंद करायला शिकले.
घरसभेत पाळकसाहेबांनी सहज विचारलं,
रोज थोडा वेळ काढता ना, सुवार्ताबाई?
मी चहाचे कप गोळा करायला उठले.

आमच्याकडे पाणी पहाटे पाच वीसला येतं,
सहाला जातं.
राहायचं पंचहौदाशेजारी
आणि नळाला चाळीस मिनिटं!
तेवढा वेळ मोरी सोडता येत नाही,
पिंप ओसंडलं की खालच्यांच्या छताला ओल धरते.
एकदा अशीच उभी होते, कंबरेवर हात,
पिंपात धार पडत होती,
आणि तोंडातून निघालं, बापा.
पुढे काही सुचेना.
पिंप भरलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.
मग होत गेलं.
निळं पिंप ईनोसचं. मोठं आहे, भरायला वेळ लागतो,
त्यालाही लागतोय.
स्टीलची टाकी मावशीची.
आठवड्यातून तीनदा तिचं रक्त
यंत्रातून फिरून अंगात परत येतं,
मी टाकीत वाकून बघत राहते.
साडेपाचला वरचे भांबुरे मोटर लावतात,
आमची धार करंगळीएवढी होते.
त्यामुळे क्षमेची ओळ रोज तिथेच येते,
दात आवळून.
भाकरीची ओळ आली की आठवतं,
पीठ संपत आलंय.
काही दिवस नुसते ओठ हलतात,
मन मंडईत, गवारीचा भाव करत.
तरी भांडी भरतात.
पोचे आलेली बादली शेवटी, ती माझी,
तोवर बहुतेक पाणी गेलेलं असतं.

गुरुवारी महापालिका पाणी बंद ठेवते, दुरुस्तीला.
शांतवन म्हणतात, गुरुवार पेठेत राहायचं
आणि गुरुवारीच ठणठणाट.
पहिल्या गुरुवारी मी झोपून राहिले.
दुसऱ्याही. तिसऱ्याही.
खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.
तिकडची मागणी नाही, इकडचं मागणं नाही,
दोघांनाही सुट्टी.

लेंटमधल्या एका गुरुवारी
कशाने कोण जाणे, पाच वीसलाच जाग आली.
दिवा न लावता मोरीत गेले.
सवयीने नळ सोडला.
त्याने हवा टाकली, लांब,
पार रस्त्याखालून निघून जिना चढून आल्यासारखी,
आणि मग गप्प.
पाट ओढून बसले.
कुठल्या भांड्याशी कोणाचं नाव, काही उरलं नव्हतं.
मी किती वेळ बोलले नाही ते माहीत नाही.
पिंपाच्या तळाशी कालचं थोडं पाणी होतं,
त्यात खिडकीचा चौकोन हळूहळू उजळत गेला.

वर भांबुरे खोकले.
सुका, म्हाताऱ्या माणसाचा खोकला,
मग चपला, मग खाटेची करकर.
म्हणजे तेही जागे. मोटर नाही, पाणी नाही,
तरी जागे.
बाई गेल्यापासून एकटेच असतात, हे मला ठाऊक होतं,
पण मोरीत कधी आठवलं नव्हतं.
त्यांचं नाव घेतलं.
दात आवळायचं राहून गेलं.

उठताना नळ बंद करायचाही राहून गेला.
शुक्रवारी झोपेत कसला तरी आवाज.
धावत मोरीत आले, पदर सावरत.
पाच पंचवीस.
निळं पिंप अर्धं भरलेलं,
माझ्याआधीच
सुरू झालं होतं.