आतील मालाचा तपशील

रुवीच्या मागच्या गल्लीत आमचं कार्गोचं दुकान.
दिवसभर मी खोकी जोखते.
दूध पावडर, ब्लँकेटं, बदाम,
कुणाच्या लेकीसाठी तिच्याच उंचीची बाहुली.
रफीकुल मिस्त्री काट्यासमोर ओठ हलवत उभा राहतो.
एक किलो जास्त भरतं.
मी पाहिलं न पाहिलंसं करते.

पूर्वी मी पुढच्या काउंटरला होते.
मग नसीमशेठ म्हणाले, हेमलता, तू मागे बस,
तिथे एसी बरा आहे.
मागे एसी नाहीच.
मागे चिकटपट्ट्यांचा रॅक आहे आणि एक खिडकी,
खिडकीभर बोडका डोंगर,
ज्याला कुणी म्हणत नाही, जरा आटोपशीर हो.

झोप लागेना म्हणून क्लिनिकात गेले.
डॉक्टरांनी वर न बघता काट्याकडे बोट केलं.
झोपेचं राहूनच गेलं.
कागदावर लिहून दिलं : चाला.
रात्री चालले, तर एक गाडी शेजारून हळू झाली,
आतून हॉर्न वाजला, दोनदा, आणि हसू.

आता डबा रॅकमागे खाते, उभ्यानं,
दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा.
आईला सांगते, फोनचा कॅमेरा बिघडलाय.
दोन वर्षं बिघडलाय.

जन्मले तेव्हा पावणेचार किलो होते म्हणे.
नर्सनं वॉर्डभर मिरवलं,
घरी आत्यानं मीठमोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या.
बाळसं म्हणायचे त्याला.
बाळसं नेमकं कितव्या वर्षी संपतं?
संपलं तेव्हा
मला कुणी कळवलं नाही.

आज शटर अर्धं ओढलं
आणि चपला काढून काट्यावर चढले.
देवळात काढतात तशा का काढल्या, ठाऊक नाही.
चौऱ्याण्णव.
किलोला नऊशे बैसा, सवयीनं हिशेब झाला :
चौऱ्याऐंशी रियाल, सहाशे बैसा.
समुद्रानं स्वस्त, पण पंचेचाळीस दिवस.
हात लांबवून फॉर्म ओढला.
पाठवणार : मी.
घेणार : इथे पेन थांबलं.
खाली आतील मालाचा तपशील,
दोनच ओळींची जागा.

तेवढ्यात शटरखालून आवाज आला,
मॅडम, माझं खोकं गेलं का?
रफीकुल.
त्याला नुसती माझी पावलं दिसत असणार.
गेलं, म्हटलं.
जास्त भरलं होतं ना?
नाही, म्हटलं. बरोबर होतं.

बोलताना काट्यावरचा आकडा
जरासा हलला.