अनवाणी जहाज

शिडाच्या जहाजावर चढताना
सगळ्यात आधी चपला काढायला लावल्या.
शिडीच्या तोंडाशी लाकडी खोकं,
त्यात देशोदेशीच्या चपला एकमेकींच्या उरावर पडलेल्या.
तू थबकलास.
सुभाषनगरात तीन पिढ्या आरी चालवणाऱ्या घरातला तू.
वेणी तुझ्या हातची, गोंडे तुझ्या हातचे,
हळदीच्या पायांनी मी मांडवात घालून आलेला तो जोड
तू खोक्यात टाकला नाहीस.
देवळाबाहेर ठेवतात तसा
कडेला, नीट, भिंतीशी ठेवलास.

तिकिटाची गोष्ट सांगितली की गल्लीत अजून हसतात.
जहाजाच्या मालकानं दोनशे जोड मागवले,
माल गेला, पैसे आले निम्मे,
उरलेल्या निम्म्याच्या बदल्यात पत्र आलं:
दोघं या, सात दिवस, जेवणखाण आमच्याकडं.
आत्याबाई म्हणाल्या,
बुडीत खात्यावर हनिमूनला जाणारी
ही आपल्या घरातली पहिलीच जोडी.
मामंजींनी एवढंच विचारलं,
जिथं कुणी पायात काही घालत नाही
तिथं दोनशे जोड कशाला?

ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही.

कप्तान उघडाबंब, दाढीत पावाचा चुरा.
त्याचं नाव तुला कधी आठवलं नाही,
तू म्हणायचास, दहा नंबर, पंजा रुंद.
चष्मेवाली म्हातारी: सहा, करंगळी दुमडलेली.
स्वयंपाकी: पाय सपाट, बिचाऱ्याची कंबर दुखत असणार.
(दुखत होती.)
सात दिवस तू कुणाच्या तोंडाकडं बघून बोलला नाहीस.
लोकांना वाटलं, नवरदेव लाजतोय.

बेटं येत होती, मागं पडत होती.
एकावर नुसते नारळ आणि एक कुत्रं.
एकावर वाळू इतकी तापलेली
की तू मला पाठुंगळी घेतलंस,
आणि माझ्या हातात कांदालसूण चटणीची बाटली,
त्यांच्या उकडलेल्या माशावर घालायला आणलेली.

रात्री डोलकाठी करकरायची.
मी दचकले तर तू अंधारात म्हणालास,
काही नाही, कापशीच्या चपलेगत वाजतंय,
नवं आहे, दबलं की गप्प होईल.
जहाज साठ वर्षांचं होतं, नंदू.
मी बोलले नाही. तुझा हात तेव्हा
पहिल्यांदाच माझ्या हाताखाली होता.

चौथ्या दिवशी डुंबून वर आले
आणि सागवानी फळ्यांवर माझी ओली पावलं उमटली.
तू गुडघ्यावर बसलास.
आधी बोट लावलंस, मग वीत.
ऊन कडक, पाऊल कडेकडेनं आटत चाललेलं,
तू घाईघाईनं खिशातला दोरा काढलास,
एक गाठ लांबीला, एक पंजाला.
म्हणालास, माझं माप चुकलंय.

मला माहीत होतं.
लग्नाआधी तू भावाकडून माप मागवलंस,
त्यानं कंटाळा करून धाकटीच्या पायाचं दिलं.
मांडवापासून बंदरापर्यंत
अंगठ्याचा फोड घेऊन मी सरळ चालले.
मग बोलली का नाहीस?
चावते म्हणून सांगण्याइतकी
ओळख कुठं होती आपली.

परत आलो. जोडावर मिठाचे पांढरे वळसे,
आत्याबाईंनी तेल चोळलं, गेले नाहीत.
दोन गाठींचा दोरा
आरीशेजारच्या खिळ्याला अजून लटकलाय,
वर्ष होत आलं. गिऱ्हाइकांची घाई आधी,
घरचं माणूस रांगेत शेवटी.

रविवारी रंकाळ्याच्या कठड्यावर बसतो.
पायडलच्या बोटी फिरत असतात, भेळेचा कागद उडतो.
मी तोच जोड काढून शेजारी ठेवते.
तू पाण्याकडं बघत विचारतोस,
चावते काय गं?

आता मी सांगते.
लई.