झाकण

वाशीच्या दुकानदारानं तासभर समजावलं:
छत्री स्वस्त, पण उजेड घरभर सांडते.
डिश गालांची हाडं वर काढते, ती मॉडेल लोकांना.
तुमच्याकडे येणार पासपोर्टवाले, साखरपुडेवाले,
तुम्ही सॉफ्टबॉक्स घ्या. दोन घ्या.
चेहरा कसा, सायीसारखा येतो.

घेतले. अकरा हप्ते.
एका स्टँडचा पाय पहिल्याच दिवशी ढिला निघाला,
तो सायकलच्या ट्यूबनं आवळला.

बेलापूर, सेक्टर पंधरा. गाळा नऊ फूट रुंद.
जरा मागे सरकून फ्रेम बघायची
तर मी थेट इस्त्रीवाल्याच्या टेबलाला टेकतो.

दिवाळे गावातून नागूबाय नाखवा आली,
बाजार उठल्यावर,
मासळीची पेटी बाहेर ठेवीना. "तुमच्याकडं मांजरां हायेत."
मच्छीमार सोसायटीची चेअरमन झाली होती.
ऑफिसच्या भिंतीवर सहा पुरुष आहेत,
त्यांच्या शेजारी लावायचा होता फोटो.

मी दोन्ही दिवे लावले, डावा-उजवा सारखे,
जसं शिकवलं होतं तसं.
तिनं स्क्रीनवर पाहिलं,
चष्मा काढून, मग लावून.
"आरं, ही कोन?
माज्या सुरकुत्या कुठं टाकल्यास?
चाळीस वर्सं उनान बसून कमावल्यात त्या."

मला हसू आलं नाही.
हप्त्याची तारीख आठवली.

मग एक दिवा विझवला.
दुसऱ्याचं कापड सोडवलं, वेलक्रो चरचरला,
आणि उघडा दिवा चढवला वर, पंख्याच्या बाजूला,
बाजारात ती बसते तिथं
अकराचं ऊन जिथून येतं, साधारण तिथं.
आता चेहरा आला. अर्धा.
डावा गाल गाळात रुतलेल्या होडीसारखा काळा.
रिफ्लेक्टर बावीसशेचा होता,
तो मीच यादीतून खोडला होता.

नागूबाय वाकली,
पेटीचं थर्माकोलचं झाकण काढलं,
पदरानं पुसलं, डाव्या मांडीवर तिरकं धरलं.
"ह्ये पांढरंच हाय ना?"

बर्फाचा गारवा. बोंबलांचा वास.
आणि हनुवटीखालून गालावर चढत गेलेला
थोडासा, पुरेल एवढा उजेड.

हसा, असं म्हणालो नाही.
गिऱ्हाईक भाव पाडतं तेव्हा बघत असेल
तशी ती बघत होती.

रात्री शटर अर्धं ओढून फोटो मोठा केला.
सुरकुत्या मोजाव्यात इतक्या स्पष्ट.
भुवईवर एक जुना व्रण,
समोर बसली होती तेव्हा मला दिसलाच नव्हता.
आणि डाव्या बुबुळात,
दिव्याच्या ठिपक्याखाली,
पांढरा एवढासा चौकोन,
एक कोपरा तुटलेला.

असले डाग मी पुसतो. सवयच आहे.
माउस तिथवर गेला.

दुकानात अजून बोंबलांचा वास होता.