भाताला बाप म्हणतात

मखमलाबाद नाक्यावर भाजीवालीकडून
उरलेले सात रुपये मी दोन्ही हातांनी घेतले,
वर मानही झुकवली.
ती म्हणाली, "तीर्थ नाही गं बाई, सुट्टे आहेत."

येऊन नऊ दिवस झालेत.
हात अजून चुंछॉनमध्येच आहेत.

तिथल्या घरात वडिलांना आप्पा म्हणत,
आणि भाताला बाप.
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
मार्चमधली पहिली रात्र, दारात बूट काढतेय,
ओम्मानं माझी बॅग ओढून घेत विचारलं,
"बाप मॉगॉस्सॉ?"
मी म्हटलं, "नाशिकला."

तिला काही कळलं नाही. मलाही.
तिनं वाटीभर भात पुढ्यात ठेवला,
वाफ चष्म्यावर आली, ते बरंच झालं.

बाप खरंच नाशिकला होता.
पिंपळगावच्या पॅकहाउसात, रात्रपाळीवर,
कानाला मफलर, स्वेटरवर स्वेटर,
रॉटरडॅमच्या कंटेनरसाठी
साडेचार किलोच्या पेट्या मोजत.
निघण्याआधी पाच महिने बोलला नव्हता.
"बारावी एक वर्ष ढकलतं का कुणी पुढे?"
एवढंच म्हणाला, तेही आईला.

तिथे सकाळचे सात वाजले
की इथे साडेतीन.
आई झोपलेली, गल्लीतली कुत्रीसुद्धा झोपलेली,
जागे आम्ही दोघंच.
तो फोटो पाठवायचा. सोबत एक शब्द नाही.
द्राक्षाचा एखादा घड. वजनकाटा.
कागदी कपात अर्धा चहा.
मी वाटीचा फोटो पाठवायचे.

एकदा त्यानं लिहिलं: रोज भातच का?
मी लिहिलं: इथे त्याला बाप म्हणतात.
दोन निळ्या खुणा आल्या,
आणि पुढे बराच वेळ काही नाही.
मी बसमध्ये चढले, शाळेच्या चढावर उतरले, तेव्हा आलं:
मग पोटभर खा.

एप्रिलअखेर सीझन संपला, पॅकहाउसला कुलूप लागलं.
तरी साडेतीनला फोटो येतच राहिले:
थांबलेला पंखा, बेसिनवरचा दिवा,
स्वतःचाच पाय, चादरीबाहेर आलेला.
गजर लावत असणार.
मी विचारलं नाही.

ओम्मा मला भार्गवी म्हणू शकत नसे.
बारुगाबी म्हणायची, मग नुसतं गाबी.
सप्टेंबरात तिनं काळी द्राक्षं आणली.
सगळ्यांनी गर चोखला, सालं बशीत टाकली,
मी सालासकट खात होते.
धाकटा सिऊ माझ्याकडे बघत राहिला,
मग त्यानंही एक तसंच चावलं,
तोंड वेडंवाकडं करत, पण गिळलं.
माझ्या बशीत एकही साल नाही
हे त्या रात्री फोटोत बापाला दिसलं.
त्यानं अंगठा पाठवला. पहिल्यांदाच.

आता पुन्हा फेब्रुवारी.
इथली फरशी गार आहे.
तिथे जमिनीखालून ऊब यायची,
मी अजून पाय पसरून वाट बघते
आणि मग स्वतःवरच हसते.

काल साडेतीनला जाग आली.
ओट्यावरचा दिवा लावला,
रात्रीच्या भाताला फोडणी दिली.
कडी वाजली. मफलर, गार हवा,
द्राक्षांचा तो आंबटगोड वास.
ताट दिलं, दोन्ही हातांनी,
मुद्दाम नव्हे, तसंच घडलं.
तो थांबला.
पँटला हात पुसले,
आणि दोन्ही हातांनी घेतलं.

ओट्यावर फोन उजळला.
"कोण गं, एवढ्या रात्री?"
ओम्मा. तिच्याकडे सात वाजलेत.
"काय म्हणते?"
मी वाचून दाखवलं: बाप मॉगॉस्सॉ?

पहिला घास तोंडात, तसाच म्हणाला,
"सांग तिला, आत्ताच आला."

मी तसंच लिहिलं, मराठीत.
मोहरी जरा करपली होती.
तो काही बोलला नाही, वाढून मात्र घेतलं.